जाणत्याचे पतन : 'योगसंग्राम' आणि शलमोनाची कथा

१

जाणत्या पुरुषाचे पतन हा विषय मराठी वाचकाला अपरिचित नाही. विश्वामित्राचा तपोभंग त्याने कीर्तनातून ऐकलेला असतो. षड्रिपूंची नामावळी त्याला पाठ असते. त्यामुळे ख्रिस्ती धर्मग्रंथातील दावीद किंवा शलमोन ह्या राजांच्या पतनाची कथा त्याच्यासमोर येते तेव्हा ती त्याला ओळखीची वाटते, आणि ओळखीची वाटते म्हणूनच बहुधा ती चुकीची वाचली जाते. मोठा माणूस मोहात पडला, त्याचे ज्ञान झाकोळले, आणि त्याला शासन झाले, असा तिचा सारांश केला जातो. ह्या सारांशात कथेचा मर्मभागच गळून पडतो. शलमोनाच्या कथेतील प्रश्न ज्ञान नष्ट झाल्यावर माणूस कसा पडतो हा नाही. ज्ञान शाबूत असताना तो कसा पडतो, हा आहे.

हा प्रश्न मराठी भाषेच्या अंगाने तपासून पाहण्यासाठी एका मराठी ग्रंथाचा आधार घेणे उपयुक्त ठरेल. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील श्रीगोंदे हे शेख महंमदाचे गाव. गावाचे जुने नाव चांभारगोंदे. चांद बोधले ह्यांचा हा शिष्य. जन्माने मुसलमान, वृत्तीने वारकरी संतांच्या मेळ्यातला, आणि स्वतःचा निर्देश 'अविंध' म्हणून निःसंकोचपणे करणारा. मालोजी भोसल्यांनी त्याला श्रीगोंद्यास मठासाठी जागा दिली, अशी परंपरा आहे. त्याच्या समाधिस्थानी हिंदू आणि मुसलमान दोघेही माथा टेकतात. त्याचा 'योगसंग्राम' हा अठरा प्रसंगांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १५६७, म्हणजे इ. स. १६४५, मध्ये पूर्ण झाला. तो व शेख महंमदाची इतर कविता वा. सी. बेंद्रे ह्यांच्या संपादनामुळे अभ्यासकांना सुलभ झाली. ह्या ग्रंथाच्या आधी २९ वर्षे, १६१६ मध्ये, गोमंतकातील राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. त्याच्या 'पैल्या पुराणा'त जुन्या कराराची कथा ओवीतच सांगितलेली आहे. दोन्ही ग्रंथांचा परस्परांशी काही संबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, एकाच भाषेत आणि एकाच छंदात, मानवी अंतःकरणाच्या दुबळेपणाचा विचार करणारे दोन भिन्न धर्मपरंपरांचे ग्रंथ निर्माण व्हावेत, ही गोष्ट तौलनिक अभ्यासाला आमंत्रण देणारी आहे. प्रस्तुत लेखात ती तुलना ग्रंथांच्या सर्वांगांची नसून केवळ एका प्रश्नापुरती केली आहे : जाणत्या नेत्याच्या पतनाची कल्पना कोणत्या रूपकातून केली जाते, आणि त्या रूपकातून काय निसटते?

२

आरंभ शब्दांपासून करणे इष्ट होय. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या नव्या करारात ह्या संदर्भात वारंवार येणारा ग्रीक शब्द 'पेइरास्मोस' हा द्व्यर्थी आहे. पारखून पाहणे आणि वाईटाकडे ओढणे असे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. मराठीत असा एक शब्द नाही. म्हणून मराठी भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत प्रॉटेस्टंट परंपरेच्या मराठी बायबलने 'परीक्षा' हा शब्द पत्करला. कॅथलिक मराठी प्रार्थनेत 'मोह' हा शब्द रूढ आहे. गोमंतकातील कोकणी प्रार्थनेत 'ताळणी' असा तिसराच शब्द आढळतो. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तर एकाच परिच्छेदात मराठी भाषांतराला 'परीक्षा' आणि 'मोह' हे दोन्ही शब्द योजावे लागले आहेत, कारण मूळ लेखक तेथे त्या ग्रीक शब्दाच्या एका अर्थाकडून दुसऱ्याकडे जातो.

ही केवळ पर्यायांची अडचण नव्हे. प्रत्येक शब्द पतनाचे कारण निराळ्या जागी ठेवतो. 'परीक्षा' ह्या शब्दात 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हा धातू आहे. तेथे कोणीतरी बाहेरून पाहणारा परीक्षक गृहीत धरलेला असतो. 'प्रलोभन' ह्या शब्दात 'लुभ्' हा धातू आहे. तेथे भर इच्छेवर आणि ती चाळविणाऱ्या वस्तूवर पडतो. 'मोह' हा शब्द 'मुह्' ह्या धातूपासून आला, आणि त्याचा मूळ अर्थ भांबावणे, शुद्ध हरपणे असा आहे. म्हणजे तिन्ही शब्दांत मोह हाच तेवढा ज्ञानाच्या अभावाशी बांधलेला शब्द होय. परिणामी 'शहाणा माणूस मोहात पडला' हे वाक्य उच्चारताच मराठी मनात एक छुपे अनुमान उभे राहते. मोह म्हणजे अज्ञान; ज्याला मोह झाला त्याचे ज्ञान त्या क्षणी गेले; आणि ज्याचे ज्ञान असे जाते तो खरा ज्ञानी नव्हताच. अशा रीतीने पतित झालेला ज्ञानी हा व्याख्येनेच ज्ञान्यांच्या पंक्तीतून वगळला जातो, आणि जे उरतात त्यांना निर्धास्त राहता येते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो योग्य आहे. भारतीय परंपरेतील मोहाची कल्पना इतकी सरळ नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात प्रयत्नशील विद्वानाचेही मन इंद्रिये बळाने ओढून नेतात असे स्पष्ट सांगितले आहे, आणि पुढे येणाऱ्या साखळीत विषयांचे चिंतन, आसक्ती, काम, क्रोध ह्यांच्यानंतर संमोह येतो. तेथे मोह हे कारण नसून परिणाम आहे. धर्म कळतो पण तिकडे प्रवृत्ती होत नाही, हा दुर्योधनाच्या तोंडी घातलेला प्रसिद्ध कबुलीजबाबही हेच दर्शवितो. तेव्हा दोष परंपरेचा नसून 'मोह' ह्या शब्दाच्या रूढ, सैल झालेल्या वापराचा आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. तथापि बायबलातील कथा मराठीत वाचली जाते ती ह्या रूढ वापरातूनच, हेही तितकेच खरे.

३

'योगसंग्राम' ह्या नावातच शेख महंमदाने आपले मुख्य रूपक सांगून टाकले आहे. साधना हा संग्राम आहे. रणभूमी अंतःकरण आहे. शत्रू विकार आहेत. हे रूपक त्या काळाला आणि त्या भूमीला साजेसेच होते. निजामशाहीचा अस्त १६३६ मध्ये झाला होता. भीमेच्या खोऱ्यातून फौजा येत आणि जात होत्या. ज्या श्रोत्यांनी घोडे, तलवारी, वेढे आणि लूट हे सारे डोळ्यांनी पाहिले होते, त्यांना आतल्या युद्धाचे वर्णन समजावून सांगण्याची गरज नव्हती. अमूर्त विकारांना शस्त्रधारी देह देण्याची ही रीत श्रोत्याला जागे करते, आणि साधकाला पळपुटेपणापासून परावृत्त करते. ह्या रूपकाचे सामर्थ्य निःसंशय मोठे आहे.

परंतु प्रत्येक रूपकाला मर्यादा असतात. संग्रामाच्या रूपकात शत्रू ओळखता येतो. तो समोर उभा असतो. त्याचा ध्वज निराळा असतो. तो जिंकला किंवा आपण हरलो, ह्याचा निकाल लागतो. षड्रिपूंच्या नामावळीतही हीच सोय आहे : ज्याला नाव देता येते त्याच्यावर चाल करून जाता येते. नवखा साधक ज्या विकारांशी झुंजतो त्यांना हे रूपक पुरेपूर लागू पडते. पण ज्याने पहिल्या अनेक लढाया जिंकल्या आहेत, ज्याच्याभोवती शिष्य जमले आहेत, ज्याच्या शब्दाला मान आहे, त्याचा शत्रू शत्रूच्या वेषात येत नाही. तो मित्राच्या, यशाच्या, क्वचित धर्माच्याही वेषात येतो.

शेख महंमदाला ह्याची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. दांभिक गुरूंवर आणि देखाव्याच्या साधुत्वावर त्याने केलेली कठोर टीका हा त्याच्या काव्याचा एक ठळक विशेष आहे. ही टीका संग्रामाच्या रूपकात सहजी बसत नाही, आणि म्हणूनच ती महत्त्वाची आहे. दांभिक गुरू हा रणात पडलेला योद्धा नव्हे. तो लढाई संपली असे समजून विजयाची वस्त्रे पांघरून बसलेला माणूस आहे. ख्रिस्ती साधनेच्या इतिहासात ह्याच्याशी जुळणारा विचार चौथ्या शतकातील इव्हाग्रियस ह्या ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्याने मांडला होता. त्याने वर्णिलेल्या आठ दुर्विचारांत कीर्तिलोभ आणि गर्व हे शेवटी येतात, आणि कीर्तिलोभाचा विशेष असा की, इतर विकारांचा पराभव झाला म्हणजे तोच त्याचा आनंद मानतो. विजय हेच त्याचे अन्न. षड्रिपूंच्या रूढ क्रमातही मोहानंतर मद येतो, ही गोष्ट ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. जाणत्याचा खरा धोका पाहावयाचा असेल तर मोहावरून दृष्टी पुढे सरकवून ती मदावर आणि दंभावर आणावी लागते.

४

दाविदाची कथा शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या ११ व्या आणि १२ व्या अध्यायांत आली आहे. तिची सुरुवातच संग्रामाच्या रूपकाला छेद देणारी आहे. राजे लढाईला निघण्याच्या ऋतूत दाविदाने यवाबाला सैन्यासह पाठविले आणि तो स्वतः यरुशलेमात राहिला. म्हणजे युद्ध बाहेर चालू आहे. राजा घरी आहे. आणि पतन घरी होते. सायंकाळी वाड्याच्या गच्चीवरून त्याला बथशेबा स्नान करताना दिसते. ती कोणाची कन्या आणि कोणाची पत्नी हे त्याला विचारणा करताच सांगितले जाते. येथे ज्ञानाचा कोणताही अभाव नाही. तो सर्व काही जाणून तिला आणवितो.

ह्या अध्यायात 'शालाह्', म्हणजे पाठविणे, हा हिब्रू धातू पुनःपुन्हा येतो. दावीद यवाबाला पाठवितो. चौकशीसाठी माणूस पाठवितो. बथशेबेला आणण्यासाठी दूत पाठवितो. तिला दिवस गेल्यावर ती निरोप पाठविते. तिच्या पतीला, उरीयाला, रणातून पाठवून दे असा निरोप यवाबाला जातो. आणि शेवटी उरीयाच्याच हाती, त्याला आघाडीवर एकटे सोडून मारविण्याची आज्ञा असलेले पत्र पाठविले जाते. आपल्या मृत्यूची आज्ञा स्वतः वाहून नेणारा हा शिपाई जातीने परका, हित्ती आहे. आणि सैन्य तंबूत झोपत असताना आपण घरी सुखाने निजणार नाही असे म्हणून त्याने राजाला नकळत आरसा दाखविला आहे. जो भाषांतरकार ह्या एका धातूसाठी मराठीत 'आणविले', 'रवाना केले', 'कळविले', 'निरोप दिला' असे निरनिराळे पर्याय शैलीसाठी योजील, तो मूळ कथनाचा कणाच मोडील. कारण ह्या क्रियापदात राजाच्या पापाचे स्वरूप सांगितले आहे. त्याला काहीच स्वतः करावे लागत नाही. तो पाठवितो, आणि होते. सामान्य माणसाची वासना वाटेत अडथळ्यांना अडखळते. सत्ताधाऱ्याच्या वासनेला वाट करून देण्यासाठी माणसे उभी असतात.

ह्या ठिकाणी विश्वामित्राच्या कथेशी असलेला भेद स्पष्ट होतो. वाल्मीकीच्या बालकांडात मेनकेच्या सहवासात दहा वर्षे निघून गेल्यावर विश्वामित्राला उमगते की, हे देवांचे कृत्य आहे. पुढे रंभेच्या प्रसंगी तो काम आवरतो पण क्रोधाला बळी पडतो, आणि पुन्हा तप सुरू करून अखेर ब्रह्मर्षिपद मिळवितो. कथा भव्य आहे, आणि जिंकलेल्या विकारामागे दुसरा विकार दबा धरून असतो हे तिने अचूक दाखविले आहे. पण तीत मोह बाहेरून धाडलेला आहे. हानी प्रामुख्याने तपस्व्याच्या संचिताची आहे. आणि ती अधिक तपाने भरून येते. दाविदाच्या कथेत कोणी अप्सरा पाठविलेली नाही. पाठविणारा दावीदच आहे. हानी दुसऱ्याची आहे, आणि उरीया परत येत नाही. ख्रिस्ती वाचनात पतनाचे माप पडलेल्याच्या उंचीवरून घेतले जात नाही. तो ज्यांच्यावर पडला त्यांच्यावरून घेतले जाते. 'तपोभंग' ह्या शब्दाने दाविदाच्या कृत्याचे वर्णन करणे म्हणूनच अपुरे ठरते.

५

दाविदाचे पतन एका संध्याकाळचे आहे. शलमोनाचे पतन अनेक वर्षांचे. पहिल्याला दिनांक देता येईल, दुसऱ्याला देता येणार नाही. म्हणून दुसरे अधिक शिकविणारे आहे.

शलमोनाचे शहाणपण बायबलात संशयातीत आहे. गिबोन येथे स्वप्नात देवाने वर माग म्हटल्यावर त्याने दीर्घायुष्य, संपत्ती किंवा शत्रूंचा नाश मागितला नाही. रूढ भाषांतरांत त्याने मागितलेले दान समंजस किंवा विवेकी अंतःकरण असे दिले जाते. मूळ हिब्रू शब्द 'लेव् शोमेआ' असे आहेत. त्यांचा शब्दशः अर्थ 'ऐकणारे अंतःकरण' असा होतो. 'शोमेआ' हे कर्तरी कृदन्त आहे : चालू असलेली, थांबू न देण्याची क्रिया त्यातून व्यक्त होते. ह्या तपशिलाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

राजे ह्या पहिल्या ग्रंथाच्या १० व्या अध्यायात शलमोनाच्या वैभवाची मोजदाद आहे. वर्षाला ६६६ किक्कार सोने येत होते. १,४०० रथ आणि १२,००० स्वार होते. घोडे मिसरातून येत होते. ११ व्या अध्यायाच्या आरंभी ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी ह्यांचा आकडा येतो. वरवर पाहता ही राजस्तुती आहे. १० व्या अध्यायात लेखकाने निषेधाचा एक शब्दही उच्चारलेला नाही. पण ज्याने अनुवाद नावाच्या ग्रंथाचा १७ वा अध्याय वाचला आहे, त्याला ही यादी निराळी दिसते. तेथे इस्राएलाच्या राजाने तीन गोष्टी वाढवू नयेत असे सांगितले आहे : घोडे, आणि तेही मिसराकडे माणसे धाडून, बायका, आणि सोनेरुपे. त्याउलट राजाने नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती रोज वाचावी, आणि आपल्या बांधवांहून त्याचे अंतःकरण उंच होऊ नये, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे वैभवाची यादी हीच आरोपांची यादी आहे. फरक एवढाच की आरोप वाचून दाखविणारा कोणी नाही.

ह्याहून बारीक एक खूण आधीच येऊन गेली आहे. देवाचे मंदिर बांधण्यास शलमोनाला ७ वर्षे लागली. स्वतःचा वाडा बांधण्यास १३. दोन्ही आकडे कथनात लागोपाठ येतात, आणि लेखक त्यांवर काही भाष्य करीत नाही. मंदिराच्या कामासाठी ३०,००० लोक वेठीला धरले गेले. कोणत्याही एका दिवशी शलमोनाने देवाला सोडण्याचा निश्चय केलेला नाही. त्याने वाडा थोडा मोठा केला. तहासाठी आणखी एक विवाह केला. राण्यांच्या देवतांसाठी आणखी एक टेकडी दिली. प्रत्येक पावलाला राजकारणाचे उत्तम कारण असणार, कारण तो शहाणा होता, आणि शहाण्याला कारणांचा तोटा नसतो.

येथे रूढ वाचनातील 'ज्ञान झाकोळले' हे विधान ग्रंथाच्या आधाराने फेटाळता येते. ज्या १० व्या अध्यायात सोन्याची आणि घोड्यांची यादी आहे, त्याच अध्यायात शबाची राणी येऊन शलमोनाचे शहाणपण पारखते आणि थक्क होते. ११ व्या अध्यायाच्या शेवटी, मूर्तिपूजा आणि बंड ह्यांची हकीकत सांगून झाल्यावरही, समारोपाच्या वाक्यात त्याच्या शहाणपणाचा उल्लेख आहेच. ज्ञान त्याला सोडून गेले असे ग्रंथ कोठेही म्हणत नाही. वळले ते अंतःकरण, असे तो म्हणतो. आणि हा शब्द, 'लेव्', तोच आहे जो गिबोनच्या मागणीत होता. ऐकणारे अंतःकरण मागणारा राजा शहाणा राहिला, पण ऐकणारा राहिला नाही.

६

मराठीत 'जाणता' हा शब्द ह्या ठिकाणी विलक्षण उपयोगी पडतो. राजकीय परिभाषेत तो आज बिरुद झाला आहे. व्याकरणदृष्ट्या मात्र ते 'जाणणे' ह्या धातूचे वर्तमानकालवाचक कृदन्त आहे. जाणता म्हणजे जो जाणत आहे तो. ह्याच्या शेजारी 'बहुश्रुत' हा शब्द ठेवावा. त्यातील 'श्रुत' हे भूतकालवाचक कृदन्त आहे : ज्याचे ऐकणे होऊन गेले आहे असा तो. विद्वत्तेचे बिरुद म्हणून दोन्ही शब्द सारखेच वापरले जातात, परंतु त्यांच्या प्रत्ययांत जाणत्याच्या पतनाचा सारा इतिहास सामावलेला आहे. शलमोन 'शोमेआ' म्हणून सिंहासनावर बसला आणि बहुश्रुत म्हणून वारला. वर्तमानकालवाचक कृदन्त विशेषण म्हणून गोठले, क्रिया संपली, आणि उपाधी तेवढी उरली.

मग ज्ञान असून न ऐकण्याच्या ह्या अवस्थेला मराठीत काय म्हणावे? 'मोह' हा शब्द अपुरा आहे हे वर दाखविले. श्रीगोंदे तालुक्यातच, भीमेच्या काठी, पेडगाव आहे. तेथील भुईकोटाला मोगली सरदार बहादूरखानामुळे बहादूरगड हे नाव पडले, आणि १६८९ मध्ये संभाजीराजांना कैद करून औरंगजेबासमोर आणले गेले ते तेथेच. ह्या गावाच्या नावाने मराठीत एक वाक्प्रचार रूढ आहे : वेड पांघरून पेडगावला जाणे. लोककथा त्याचा संबंध १६७४ मध्ये बहादूरखानाच्या छावणीची जी लूट झाली तिच्याशी जोडते. व्युत्पत्ती काहीही असो, अर्थ निश्चित आहे. वेड लागणे निराळे आणि वेड पांघरणे निराळे. पहिल्यात ज्ञान जाते. दुसऱ्यात ज्ञान जागेवर असते, त्याच्यावर आच्छादन घातले जाते, आणि आच्छादन घालणारा हात ज्ञान्याचाच असतो.

ख्रिस्ती परंपरा ज्याला जाणत्याचे पतन म्हणते ते हेच होय. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात चांगले काय ते कळूनही ते न करणाऱ्या माणसाची जी वेदना मांडली आहे, तीत कळण्याला बाध आलेला नाही. याकोबाने तर देवाने मला मोहात घातले असे म्हणण्याची सवलतही काढून घेतली आहे. मनुष्य आपल्याच वासनेने ओढला जातो असे त्याचे प्रतिपादन आहे. आणि पेत्राच्या कथेत वेड पांघरणे शब्दशः घडते. शिष्यांचा अग्रणी पेत्र मुख्य याजकाच्या अंगणात शेकत बसला असताना तीन वेळा सांगतो की, आपण ह्या माणसाला ओळखत नाही. अज्ञान नसताना अज्ञानाची ग्वाही देणे, हेच त्याचे पतन.

प्रत्यक्ष ख्रिस्ताच्या कसोटीच्या कथेत, मत्तयाच्या ४ थ्या अध्यायात, सैतान तीन प्रस्ताव मांडतो : दगडांच्या भाकरी करणे, मंदिराच्या शिखरावरून उडी घेणे, आणि जगातील सर्व राज्ये घेणे. हे तिन्ही प्रस्ताव नेत्याला मांडावयाचे आहेत. भुकेल्यांना अन्न, लोकांना चमत्कार, जगाला सुशासन. एकही उघडपणे वाईट नाही. आणि दुसऱ्या प्रस्तावाच्या समर्थनार्थ सैतान स्तोत्रसंहितेतील वचन उद्धृत करतो. धर्मग्रंथाचे ज्ञान हे पतनापासून संरक्षण नव्हे, ते पतनाचे साधनही होऊ शकते, ही गोष्ट ख्रिस्ती दृष्टिकोनात अशी प्रारंभीच नोंदविलेली आहे.

७

जर जाणत्याचे पतन न ऐकण्यात असेल, तर त्यावरचा उपाय अधिक ज्ञान हा असू शकत नाही. दाविदाच्या कथेत ११ व्या अध्यायभर दावीद पाठवीत होता. १२ व्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात तोच धातू येतो, परंतु कर्ता बदललेला असतो : देव नाथानाला पाठवितो. संदेष्टा राजाला नियमशास्त्राचे कलम वाचून दाखवीत नाही. ते राजाला ठाऊकच आहे. तो एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो, जी श्रीमंत शेजाऱ्याने पाहुण्यासाठी कापली. राजा संतापून त्या श्रीमंताला देहदंड सुनावतो, आणि मग नाथान त्याला सांगतो की तो माणूस तूच. पांघरलेले वेड काढण्यासाठी राजाला प्रथम श्रोता करावे लागले. दाविदाने पाप कबूल केले. उरीया परत आला नाही, मूलही वाचले नाही. पण राजा पुन्हा ऐकणारा झाला. शलमोनाच्या कथेत असा नाथान नाही, आणि त्याचा पुत्र रहबाम वृद्धांचा सल्ला धुडकावतो तेव्हा दहा वंश फुटून निघतात.

महाराष्ट्राच्या इतिहासात नाथानाच्या जागी उभे राहण्याचा प्रसंग न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांच्यावर आला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्याचा शनिवारवाड्यात खून झाल्यावर रामशास्त्र्यांनी रघुनाथरावाला देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पद सोडले, असा वृत्तांत प्रसिद्ध आहे. दोन्ही प्रसंगांत सत्य सांगणारा निर्भय आहे. भेद ऐकणाऱ्यात आहे. रामशास्त्र्यांचे नाव आदर्श म्हणून घेतले जाते ते यथार्थच; परंतु राज्य वाचते ते सांगणाऱ्याच्या धैर्याने नव्हे, ऐकणाऱ्याच्या अंतःकरणाने, हे दोन्ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे ध्यानात येते.

ह्याच जिल्ह्यात नारायण वामन टिळक ह्यांनी ख्रिस्ती कवी आणि नेता म्हणून दीर्घकाळ कार्य केले. कीर्ती, मान आणि मिशनमधील स्थान ही सर्व प्राप्त झाल्यावर, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापून ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले. पगार घेणे पाप नव्हते. परंतु ज्याला नेतृत्वाच्या स्थिर आसनावर बसून आपले ऐकणे बंद होण्याचा धोका जाणवतो, तो कधीकधी आसनच सोडतो. असा निर्णय प्रत्येकाला शक्य नसतो, आवश्यकही नसतो. पण तो ज्या भीतीतून येतो ती भीती जाणत्याला असणे आवश्यक आहे.

शेख महंमदाचा संग्राम आणि शलमोनाची कथा ह्यांतील विरोध आता निश्चित शब्दांत सांगता येतो. संग्रामाचे रूपक साधकाला शत्रू ओळखावयास शिकविते आणि त्याच्या हाती शस्त्र देते. साधनेच्या एका मोठ्या टप्प्यापर्यंत त्याला पर्याय नाही. शलमोनाची कथा त्यापुढील टप्प्याची आहे, जेथे लढाई संपल्याचा भास होतो, यशाची मोजदाद सुरू होते, आणि विरोध करणारा आवाज दरबारातून हळूहळू नाहीसा होतो. श्रीगोंद्याच्या संताने दांभिक गुरूवर आसूड ओढले तेव्हा तोही ह्याच टप्प्याविषयी बोलत होता. दोघांच्या धर्मकल्पना निराळ्या आहेत, मुक्तीच्या कल्पना तर फारच निराळ्या. त्या एक करून दाखविण्याचे प्रयोजन नाही. परंतु ज्ञानाची पदवी मिळालेल्या वाचकाने दोन्ही ग्रंथ वाचताना स्वतःला विजयी योद्ध्याच्या जागी कल्पिणे सोडून नाथानासमोर बसलेल्या राजाच्या जागी कल्पावे, एवढी अपेक्षा दोन्ही ग्रंथ सारख्याच अधिकाराने करतात. विद्यापीठाच्या कक्षेत बहुश्रुत पुष्कळ घडतात. जाणते राहणे हे मात्र रोजचे काम आहे.